दोघांचा फोन आला तरच

घिवलीच्या जानू तामोरेची जयवंती उमरोळीला नोकरी करते म्हणजे नेमकं काय करते, हे गावात कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं टीव्हीचे पार्ट बनवते, कोणी म्हणतं काहीतरी गुपित सरकारी काम आहे. लहानपणापासून शेजारच्या अणुवीज केंद्राच्या भिंतीकडे बघत वाढलेल्या माणसाला कशातही गुपित दिसतं, त्याला इलाज नाही. एका लग्नात तर तिच्या नवऱ्याच्या आत्याने भर पंगतीत विचारलं होतं, "काय गं, तुमी तिकडं बाँब करता काय?" जयवंतीने वरणाची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "नाय वो आत्या. आमी आभाळातून पडतंय ते मोजतो." आत्याने वरण ओतून घेतलं आणि दुसऱ्या सुनेकडे मोर्चा वळवला.

उत्तर खोटं नव्हतं. उमरोळी स्टेशनपासून आत गेलं की एक जुनी शेड लागते. पूर्वी तिथे फुगे बनत. आता एका विद्यापीठाच्या संशोधकांनी ती भाड्याने घेतली आहे, आणि फुग्यांच्या साच्यांच्या जागी काळ्या कापडात गुंडाळलेल्या लांबलचक प्लास्टिकच्या पट्ट्या रचून ठेवल्या आहेत. आभाळातून अहोरात्र बारीक कण पडत असतात, आपल्या अंगातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. असा कण त्या पट्टीतून गेला की आत उजेडाची एक इवलीशी ठिणगी उठते. ती पकडायची, तिचा विजेचा ठोका करायचा आणि तो मोजायचा. सगळं जमलं की हा पसारा दक्षिणेतल्या एका डोंगराच्या पोटात नेऊन बसवायचा आणि एखादा दुर्मीळ कण कधी चुकून तिकडे येतोय याची वाट बघत बसायचं. वर्षानुवर्षं. शास्त्रज्ञांना उद्योग नाही असं कोणी म्हटलं तर जयवंतीही हसून मान डोलावते.

अडचण एवढीच, की या पट्ट्या भारी बडबड्या असतात. कण गेला तर ठोका देतातच, पण उकाडा वाढला म्हणून देतात, कापडाच्या फटीतून उजेड शिरला म्हणून देतात आणि काही कारण नसलं तरी देतात. सेकंदाला हजारो. सगळे जपून ठेवायचे म्हटलं तर ठेवायचे कुठे? म्हणून मध्ये एक सर्किट बसवतात. त्याला ट्रिगर म्हणतात. आलेला ठोका ठेवायचा की फेकायचा हे त्याने ठरवायचं, तेही डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या लाखाव्या हिश्श्यात. फेकलं ते गेलं. ते परत मागवता येत नाही आणि काय फेकलं याची नोंदही कुठे राहत नाही.

ठरवायची युक्ती मात्र अगदी साधी आहे. दोन पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. एकटीनेच ठोका दिला तर ती बडबड, द्या फेकून. दोघींनी एकदम दिला तर खरा, कारण दोघी नेमक्या एकाच क्षणाला उगाच बडबडतील असं सहसा होत नाही. या जुळण्याला तिथली मंडळी कोइन्सिडन्स म्हणतात. जयवंती कोइन्सिडन्सचे बोर्ड जोडते आणि तपासते. पालघरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती आधी बोईसरच्या एका कारखान्यात पंख्यांचे रेग्युलेटर जोडत होती, तिथून इकडे आली आणि रमली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी प्रत्येक पट्टीला एक खोटा ठोका द्यायचा आणि ती जिवंत आहे ना ते बघायचं, हा तिथला नियम. दोघींतली एक मेलेली असली तर दुसरी कितीही ओरडली तरी ट्रिगर ढिम्म. खरा कणही फेकला जाणार आणि कोणाला कळणारही नाही. नवीन आलेल्या पोरांना जयवंती हे पहिल्याच दिवशी सांगते. निदान सांगत असे.

आता थोडं घरचं.

जयवंतीची आई ती शाळेत असतानाच गेली. बाप डोलीची, बोंबील धरायची जाळी घेऊन समुद्रावर, घरात एकटी पोर. शेजारच्या वत्सलाने कोणी न सांगता तिला आपल्या ताटात ओढून घेतलं. वत्सलाचा नवराही लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकवायचे आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकायचे, एवढ्यावर तिचं चाले. त्याच पैशांतून जयवंतीच्या पायात पहिल्या बंद चपला आल्या. पोरीने डिप्लोमाला जायचं म्हटल्यावर गावातले चार शहाणे नाक मुरडायला लागले, तेव्हा पाटी डोक्यावर तशीच ठेवून वत्सला त्यांच्या ओटीवर गेली आणि असं काही बोलली की नंतर कोणी तोंड उघडलं नाही. जयवंती तिला मावशी म्हणे. आई म्हणावं असं अनेकदा मनात आलं, पण ओठावर यायचं राहिलं ते राहिलंच.

लग्नानंतर जयवंती बोईसरला राहायला गेली. नवरा नीलेश कारखान्यात पाळीचं काम करतो, शांत माणूस आहे. जानू मात्र घिवली सोडायला तयार नव्हता. होडी विकून झाली होती, गुडघे गेले होते, तरी रोज किनाऱ्यावर जाऊन दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. मग हळूहळू त्याचं डोकं भरकटायला लागलं. एका सकाळी तो कमरेएवढ्या पाण्यात उभा सापडला, विकलेल्या होडीची दोरी शोधत. वत्सलाने त्याला हाताला धरून घरी आणलं, अंग पुसलं, आणि त्या दिवसापासून त्याचं दोन वेळचं जेवण तिच्याच चुलीवर.

जयवंतीने बापाला एक साधा, मोठ्या बटणांचा फोन घेऊन दिला. तो चुकीचे नंबर लावून लोकांना शिव्या घालतो अशी तक्रार आल्यावर तिने त्यातले बाकीचे सगळे नंबर काढून टाकले. एकच ठेवला. कुठलंही मोठं बटण दाबून धरलं की फोन जयवंतीला लागायचा. केवढी सोय झाली, असं तिला वाटलं.

आणि म्हातारा बटण दाबत सुटला.

"बाय, भरती कवा हाय आज?"

"दुपारी हाय बाबा. तुमी जेवलात?"

"होडी वर घेतली काय?"

"घेतली."

पाच मिनिटांनी पुन्हा. "बाय, भरती कवा हाय?" सकाळी, दुपारी, ती बोर्डावर सोल्डरचे टाके देत असताना, रिक्षात कोंबून बसलेली असताना, भाकरी तव्यावर असताना. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की त्याला जास्तच चेव यायचा. मग होडी वाहून गेल्याशिवाय राहणार नाही अशी त्याची खात्रीच असायची. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीला जोर नसला की, जरा निवांत. चंद्र बघून बापाचे फोन किती येणार ते सांगता येतं, असं जयवंती नीलेशला म्हणायची. सुरुवातीला हसून म्हणायची.

पहिलं वर्षभर तिने प्रत्येक फोन उचलला. हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकल्यावर कोणी ते लक्षात ठेवणार नाही. माणूस किती उचलणार? एकदा फोन उचलायला वळली आणि सोल्डरिंगचं तापलेलं टोक चुकीच्या जागी टेकलं, दिवसभराचं काम वाया गेलं. प्रयोगाची जबाबदारी असलेली हिमानी, वयाने जयवंतीपेक्षा लहान, पण शिकून आलेली, मनाने चांगली. ती ओरडली नाही. दोन कप चहा घेऊन येऊन बसली.

"ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीकच आहे. आमचे बाबा म्हणजे त्या कोपऱ्यातल्या पट्टीसारखे झालेत. काही नसलं तरी ठोका देतात."

हिमानी हसली. "मग कोइन्सिडन्स लावा की!"

गंमतच होती ती. दोघी हसल्या आणि चहा संपवून उठल्या. पण संध्याकाळी रिक्षात जयवंतीच्या डोक्यात तीच गंमत घोळत राहिली. बाबा एकटे फोन करतात तेव्हा ती बडबड असते. खरंच काही झालं, पडले, तापले, कुठे निघून गेले, तर वत्सलामावशी गप्प बसेल का? तीही फोन करेल. म्हणजे बाबांचा फोन आणि मावशीचा फोन, दोन्ही लागोपाठ आले तर खरं. एकट्या बाबांचा आला तर सोडून द्यायचा. इतकं सरळ होतं की हे आधी कसं सुचलं नाही याचंच तिला नवल वाटलं.

सुट्टीला घिवलीला गेली तेव्हा तिने मावशीला एकटीला गाठून सांगितलं. वत्सला बोंबील उलटत होती.

"म्हंजे त्याचा फोन तू उचलनारच नाय?"

"कामात असले की नाय उचलनार मावशी. संध्याकाळी मीच लावीन त्यांना. पण काय खरंच झालं, तर तू लाव. तुमच्या दोगांचा आला की मी हातातलं टाकून धावत येईन."

वत्सलाने हातातले बोंबील उलटून टाकले. मग म्हणाली, "बरं. तू शिकलेली हायस. पन कदीतरी त्याचा पन उचल गं."

"उचलते ना," जयवंती म्हणाली, आणि बोईसरला परत येताना बापाच्या नंबरापुरता आवाज बंद करून टाकला. नाव नुसतं पडद्यावर उमटे आणि विझे.

खरं सांगायचं तर त्यानंतरचे महिने तिला फार सुखाचे गेले. कामात चुका होईनात. रात्री डोकं दुखेना. एकदा जानूला ताप भरला तेव्हा बाबांचं नाव उमटलं आणि पाठोपाठ मावशीचा फोन खणाणला, आणि जयवंती खरोखर हातातलं टाकून धावत गेली. युक्ती लागू पडली होती. ती हिमानीला म्हणालीसुद्धा, "तुमचा कोइन्सिडन्स घरीपण चालतो बरं का." संध्याकाळी बापाला स्वतःहून फोन करायचं आधी रोज चाले, मग एक दिवसाआड, मग जमेल तसं. माणसाला एकदा आराम मिळाला की तो आणखी आणखी सैलावत जातो. यात जयवंती काही जगावेगळी नव्हती.

तो दिवस अमावास्येचा होता. शेडमध्ये शेवटची मोठी चाचणी लागली होती. सगळे बोर्ड एकत्र चालवून दाखवायचे, ते बघायला विद्यापीठातून माणसं आलेली, आणि चाचणी पार पडली तर पट्ट्या खोक्यांत भरून डोंगराकडे रवाना. जयवंतीने सकाळीच नेहमीप्रमाणे एकेका पट्टीला खोटा ठोका देऊन बघितला. सगळ्या जिवंत. मग ती पडद्यासमोर बसली, फोन शेजारी उताणा ठेवून.

सकाळीच कधीतरी बाबांचं नाव उमटलं. विझलं. पुन्हा उमटलं. तिने नजर टाकली आणि वत्सलामावशीच्या फोनची वाट बघितली. आला नाही. ठीक. थोड्या वेळाने पुन्हा नाव, लगेच पुन्हा, मधे श्वास घ्यायलाही उसंत नाही. आज जरा जास्तच, असं तिच्या मनात आलं. हेही खोटं नाही, तसं तिच्या मनात आलं होतं. पण आज अमावास्या, समुद्राला उधाण, म्हाताऱ्याची होडी वाहून चालली असणार. मावशीचा फोन नाही म्हणजे काही नाही. मागे उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी एकाचं लक्ष त्या लुकलुकीकडे गेलं तेव्हा जयवंतीला ओशाळल्यासारखं झालं आणि तिने फोन पालथा घातला.

चाचणी छान चालली होती. ट्रिगर बडबड बाजूला सारत होता, खरे तेवढे ठेवत होता. पाहुणे माना डोलावत होते.

दुपार कलल्यावर फोन वाजला. वाजला म्हणजे मोठ्याने वाजला, म्हणजे बाबांचा नव्हता. अनोळखी नंबर होता. म्हणून तिने उचलला.

"जयवंती मॅडम का? मी रिक्षावाला बोलतो, घिवलीचा. कवापास्नं लावतोय मी म्हाताऱ्याच्या फोनवरून, तुमी उचलतच नाय. म्हटलं आपल्या फोनवरून लावून बघू."

"काय झालं? बाबांना काय झालं?"

"बाबा बरे हायेत. त्या शेजारच्या वत्सलाबाई. बोईसरला हास्पिटलात आणलंय त्यांना. तुमी या."

झालं होतं ते असं. सकाळी वत्सला जानूची पेज घेऊन त्याच्या घरात आली आणि उंबऱ्याच्या आतच कोसळली. तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली, बोलायला जाई तर नुसता घोगरा आवाज. आळीतले पुरुष समुद्रावर, बायका मावरं घेऊन बाजारात. मागच्या पुढच्या घरांना कड्या. जानूचे गुडघे धड रस्त्यापर्यंत नेतील असे नव्हते, आणि तिला एकटीला टाकून जायला त्याचा जीव होईना. तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि फोनचं बटण दाबत राहिला. दुपारी आतल्या पाड्यावरची नवसी भाजीची टोपली घेऊन आळीत आली, तिने दारातून हाक दिली, आत डोकावली आणि टोपली तिथेच टाकून रस्त्याकडे पळाली. तिनेच रिक्षा थांबवली.

डॉक्टर तरुण होता. त्याने कोणाला बोल लावला नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली की पहिले काही तासच हातात असतात, तेवढ्यात आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, आता फक्त वाट बघायची, एवढंच त्याने समजावून सांगितलं. जयवंतीने विचारलं, सकाळी लगेच आणलं असतं तर? तो म्हणाला, "शक्यता बरीच चांगली होती." वाट बघायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी वत्सला गेली. शेवटपर्यंत तिला शुद्ध आली नाही. जयवंती तिच्या कानाशी वाकून आई म्हणाली, पण ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून जयवंतीने फोन उघडला. बाबा. बाबा. बाबा. बोटाने खाली सरकवावं तो तेच, संपेचना. तिचं मशीन निदान फेकलेलं दाखवत तरी नाही. फोनने एकूण एक जपून ठेवलं होतं. दोन पट्ट्यांतली एक मेली तर काय होतं, हे ज्या बाईने इतक्या पोरांना शिकवलं, तिच्या मनात हे कधीच आलं नाही की जी दुसरी साक्ष ती धरून बसली होती, तीच एक दिवस जमिनीवर पडेल. शेडमधल्या निर्जीव प्लास्टिकला ती रोज सकाळी विचारत होती, जिवंत आहेस ना? वत्सलामावशीला असं तिने कधी विचारलं नाही. साठी उलटलेली बाई, उन्हात पाट्या वाहून रक्तदाब वाढलेला, आणि तिला गृहीत धरलं होतं एखाद्या भिंतीसारखं. आणि बाबा त्या दिवशी बडबडत नव्हते. त्या दिवशी होतं इतकं त्यांचं डोकं कितीतरी महिन्यांत ठिकाणावर नव्हतं. जे बोलायला हवं तेच ते बोलायला बघत होते, एकटे.

शेडमध्ये चाचणी पास झाली. हिमानी दिवसकार्याला घिवलीला येऊन गेली. निघताना तिने जयवंतीचा हात धरला आणि तिला रडू फुटलं. चहाच्या वेळची ती गंमत दोघींनाही आठवत होती. जयवंतीने तिला जवळ घेतलं. तिच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं, पण तसा रागही येईना. गंमत हिमानीची होती, नियम जयवंतीने केला होता.

नीलेश म्हणाला, बाबांना बोईसरला आणू. जानूने ओट्यावरचा खांब धरला आणि सोडला नाही. मग जयवंतीने रजा टाकली आणि तीच घिवलीला राहायला आली. पुढे रजा संपली तेव्हा आळीतल्या एका बाईला पैसे देऊन जेवणाची सोय लावली आणि रोज घिवलीहून उमरोळीला जा-ये करायला लागली. बापाच्या नंबराचा आवाज तिने सुरू केला, तोही सगळ्यात मोठा. फोन बोर्डाशेजारी उताणा ठेवायची. पाहुणे असोत की कोणी असो, हा फोन मी उचलणार, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं.

फोन आलाच नाही.

पहिल्यांदा तिला वाटलं, दुःखात आहेत. मग वाटलं, फोन बिघडला. तिने घरी येऊन बघितला, चांगला होता, चार्ज होता, उशाशी ठेवलेला होता. ती स्वतः फोन करायची तेव्हा जानू उचलायचा, हो-नाही म्हणायचा आणि ठेवायचा. अमावास्या आली, उधाणाचं पाणी पार रस्त्याच्या कडेपर्यंत चढलं, जयवंती दिवसभर कामात मन नसताना फोनकडे बघत होती. नाव उमटलं नाही. जो आवाज नको म्हणून तिने एवढा खटाटोप केला होता, त्याच्यासाठी तिचे कान आता दुखत होते.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जानू ओट्यावर बसून जुन्या दोरीची गाठ सोडवत होता. ती त्याच्याशेजारी बसली.

"बाबा, हल्ली फोन नाय करत तुमी मला?"

"कोन उचलनार?"

"मी उचलीन ना."

"एकट्याचा तू नाय उचलत." तो दोरीवरच बघत होता. आवाजात राग नव्हता, भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसा बोलला. "दोगांचा आला तर उचलतस. आता दुसरा कोन करील?"

"तुमाला कोनी सांगितलं?"

"वत्सलाने. तवाच सांगितलं. म्हनाली, पोर कामात असते, रागवायचं नाय." जानूने गाठीत नख घातलं. "त्या दिवशी तिच्या मुठीत मी तिचा फोन दिला. म्हटलं, वत्सला, तुजा लाव, मी माजा लावतो, दोगांचा जाऊ दे. तिची मूठ मिटंना. मला तिचा लावता येईना. मग एका हातानं मी तिची मूठ धरून ठेवली आनि एका हातानं माजा लावला. म्हटलं, असं केलं तर जाईल काय तो. नाय गेला."

आळीत कोणाच्या तरी घरी मावरं तळल्याचा वास येत होता. जयवंती रडत होती, ते त्याला दिसलं की नाही कोण जाणे. तिने हाताने तोंड पुसलं.

"तुमाला म्हायती होतं मी उचलत नाय. मग रोज इतके फोन कशाला लावायचे बाबा?"

जानूने पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड वळवलं. इतकी साधी गोष्ट हिला कळू नये याचं त्याला नवल वाटलं असावं.

"नाय उचललास तरी वाजायचा ना तिकडं? वाजला म्हंजे तुला कळायचं, बाबा हाय अजून." मग त्याला मध्येच शंका आली. "वाजायचा ना गं बाय?"

"वाजायचा," जयवंती म्हणाली. "दर वेळी वाजायचा, बाबा."